आवाज बंद केला तर मोजत नाहीत

मार्च आला की नाशकात दोन गोष्टींचे भाव पडतात. एक द्राक्षांचे आणि दुसरे पोरींच्या हौसेचे. पहिल्याची निदान बातमी तरी होते. दुसऱ्याचं कोणाला काही वाटत नाही, कारण दहावी-बारावीच्या घरात मुलीची आवडती गोष्ट कपाटात कोंडणं याला आपल्याकडे संस्कार म्हणतात.

परवा कामावरून सुटले तर सातपूरच्या बसथांब्यासमोर सुट्या मण्यांची हातगाडी उभी होती. घडातून गळालेले, कुठे थोडे दबलेले मणी. निर्यातीच्या खोक्यात यांना जागा नसते, पण गोडी सगळ्यात जास्त यांनाच असते, हे नाशिककरांना सांगायला नको. पिशवी हातात घेतली आणि फोन थरथरला. ‘आपल्या पाचजणी’ या आमच्या ग्रुपवर गेली काही वर्षं वाढदिवसाचे केक आणि लग्नाच्या पत्रिका यांपलीकडे काही येत नव्हतं. तिथे योगितानं लिहिलं होतं, "बायांनो, उठा. त्या परत येतायत."

एक मणी तोंडात टाकला आणि मी तिथंच, बसची वाट बघणाऱ्या माणसांसमोर मोठ्यानं हसले. एका काकांनी वळून पाहिलं. पाहू दे.

त्या कोण, तर कोरियातल्या पाचजणी. गातात आणि नाचतात. त्यांचं नाव सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल आणि ज्यांना कळलं नाही त्यांनी पुन्हा एकदा नाक मुरडावं एवढी त्यांच्या नाकाची मला काळजी नाही. मी दहावीत असताना माझ्या आत्यानं ते एकदा मुरडलं होतं, ते अजून सरळ झालेलं नाही. "कोण कुठल्या त्या चपट्या नाकाच्या पोरी, आणि ही पोरगी त्यांच्यापायी वाया चालली," असं ती आमच्या ओट्यावर बसून, शेंगा फोडत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. क्रिकेटची मॅच असली की आतोबा पोट बिघडल्याचं सांगून कामावर दांडी मारायचे. त्यांना मात्र ती शौकीन म्हणायची.

तेव्हा आम्ही सातपूरच्या कामगार वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. पप्पा एका इंजिनिअरिंग कारखान्यात मशीनवर. त्यांच्या शिफ्टवर आमचं घर चालायचं, म्हणजे पैशानं तर चालायचंच, पण आवाजानंही चालायचं. पप्पांची रात्रपाळी असली की दिवसभर आमच्या घरात कुकरलासुद्धा शिट्टी मारायची भीती वाटायची. आतल्या खोलीत पडदा ओढून पप्पा झोपलेले, खुंटीवर त्यांचा शर्ट, त्याला मशीनच्या तेलाचा वास, आणि बाहेरच्या खोलीत आई, मी आणि माझा लहान भाऊ खाणाखुणांनी जगायचो. मीठ हवं असेल तर चिमूट दाखवायची. मार्चमधली ती मुकी दुपार मला अजून आठवते. फरशीवर ओलं फडकं फिरवल्याचा गारवा, पितळीत मिठाच्या पाण्यात घातलेले सुटे मणी, आणि भूमितीच्या वहीवर कंपासच्या टोकानं पडलेली भोकं.

त्या मुक्या घरात माझ्या कानात पाचजणी गात होत्या. शाळेत मी मागच्या बाकावरची, गणितात बेताची, दिसायला कोणी दोनदा बघू नये अशी होते. ग्रुपवर मात्र मी ‘सोनलताई’ होते. सोळाव्या वर्षी ताई! ओझरची एक मुलगी, पंचवटीतल्या एका गुरुजींची मुलगी, धुळ्याच्या दोघी, कोल्हापूरची एक, अशा जगाला न दिसणाऱ्या पोरी तिथे एकमेकींना दिसायच्या. कोणी गाण्याचा अर्थ शोधून मराठीत लिहायची, कोणी पाचजणींची चित्रं काढायची, कोणी नुसतीच रडायची. रडायलाही जागा लागते. आमच्या घरांत ती नव्हती.

आणि नेमकं आमच्या बोर्डाच्या परीक्षेतच त्यांचं नवं गाणं आलं.

हे प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवं गाणं आलं की पहिल्या आठवड्यात ते जगभरात किती वेळा ऐकलं गेलं याची मोजदाद होते. त्यावरून त्याचा नंबर लागतो. म्हणून जगभरच्या पोरी ते अखंड वाजवतात. एका देशातल्या झोपल्या की दुसऱ्या देशातल्या उठतात. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत ना, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते, तसंच. तिथे कोणी विचारत नाही की वीणा धरून तुला मिळणार काय. हो, यातून गाण्याच्या कंपनीचं उखळ पांढरं होतं हे आम्हालाही कळत होतं. आम्ही लहान होतो, खुळ्या नव्हतो. द्राक्षाच्या बागेतही फायदा व्यापाऱ्याचाच होतो, म्हणून काही कोणी द्राक्ष आंबट म्हणत नाही.

आमच्या ग्रुपची गाडी मात्र पहिल्याच दिवशी रुळावरून घसरली. सगळ्या एकदम वाजवायच्या आणि सगळ्या एकदम थांबायच्या. तेव्हा मी पप्पांची पद्धत आणली. जेवताना पप्पा कारखान्याचं फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती. "रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाय. भोंगा झाला, बस सुटली, काय बी होऊ दे. तो आला, त्यानं हात लावला, मग आपण सुटलो. आणि नाय आला, तर आधी त्याचा तपास. माणूस कुठं पडलाबिडला तर नाय ना!"

मग आम्ही शिफ्ट पाडल्या. जिची पाळी तिनं ग्रुपवर लिहायचं, ‘आले’. पुढची ‘आले’ म्हणाली की मग हिनं लिहायचं, ‘सुटले’. मध्ये गाणं थांबता कामा नये. पंचवटीतली ती मुलगी बाहेर यजमानांचा संकल्प चालू असताना आत आपली शिफ्ट करायची. ओझरची गच्चीवर पापड राखताना. नियम कडक होते. गाणं पुढे ढकलायचं नाही, अर्धवट सोडायचं नाही आणि सगळ्यात मोठा नियम, फोनचा आवाज पूर्ण बंद करायचा नाही. आवाज बंद केला तर ते ऐकणं मोजत नाहीत, असं आमच्यात ठाम मानलं जायचं. खरं-खोटं त्या मोजणाऱ्यांना माहीत. पण आम्ही ते वेदवाक्य धरलं होतं.

आता बघा माझी पंचाईत. आवाज बंद करायचा नाही आणि आवाज येऊही द्यायचा नाही, कारण आत पप्पा झोपलेले. हेडफोनची एक बाजू गेलेली, दुसरी मरणाला टेकलेली, आणि आई समोर बसलेली. मी जो उपाय शोधला तो जगातल्या कुठल्याही चाहतीला सुचला नसेल. मी आवाज बारीक ठेवून, गाणं चालू करून, फोन रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरला. वर तांदूळ ओढले, कडुनिंबाची पानं पसरली, झाकण लावलं. अगदी कान लावला तरच ऐकू येई, तांदळाच्या पोटात पाचजणी गात आहेत. मधूनमधून पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचं, ग्रुप बघायचा, ‘आले’, ‘सुटले’ लिहायचं आणि फोन पुन्हा पुरायचा. त्या वर्षी माझ्या फोनला कायम कडुनिंबाचा वास यायचा.

या सगळ्यात योगिता होती आणि नव्हती. सटाण्याकडची मुलगी, पंचवटीत मामाकडे राहून शिकायची, माझ्यासारखीच दहावीला. तिची शिफ्ट माझ्यानंतरची. लिहायची झकास. पण आम्ही सगळ्या मिळून फोनवर बोलायला बसायचो तेव्हा तिचा माइक नेहमी बंद. हसायचं असलं तरी लिहून हसायची. एकदा मी कारण विचारलं तर तिनं लिहिलं, "शाळेत पहिल्या दिवशी मी ‘आहे’च्या जागी ‘शे’ बोलले. तेव्हापासून वर्गात माझं नाव शेशे आहे. मी आता बोलतच नाही." तिची बोली अहिराणी. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.

कारण माझी आईही तिकडचीच. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा तीही ‘शे’ म्हणायची. आत्यानं त्याची इतकी नक्कल केली, पाहुण्यांसमोर इतकं हसं केलं, की आईनं ती भाषा माहेरच्या ट्रंकेत घालून टाकली. मी तिच्या तोंडून अहिराणी कधी ऐकली नव्हती. मामांचा फोन आला तरी ती नाशिकच्याच मराठीत बोलायची, जपून, एकेक शब्द निवडून, गव्हातले खडे निवडावेत तसं.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी ते झालं. मी ‘आले’ लिहून फोन पुरला आणि प्रमेय घेऊन बसले. आईनं भातासाठी डबा उघडला, माप खुपसलं आणि हात तिथेच थांबला. तांदूळ गात होते. तिनं फोन बाहेर काढला. ओरडायची सोय नव्हती, पप्पा झोपलेले. त्यामुळे आमचं ते सगळं भांडण कुजबुजत झालं. तुम्ही कधी कुजबुजत भांडला आहात का? त्यात नुसते डोळे आणि दात असतात.

"उद्या भूमिती आहे आणि तू गाणी पुरतेस तांदळात?"

"आई, तासभर दे. माझी शिफ्ट आहे. नंतर काय हवं ते कर."

"कसली शिफ्ट? आत्या म्हणतात ते खोटं नाही. परीक्षा झाल्यावरसुद्धा हा फोन तुला मिळणार नाही. संपलं आता हे."

तिनं फोन कपाटात ठेवला, किल्ली कमरेला खोचली. मी पुस्तकासमोर बसले. वर्तुळ दिसत होतं आणि त्याच्या आत काही दिसत नव्हतं. गाणं गेलं याचं दुःख कमी होतं. जगात एकच जागा होती जिथे मी नसले तर कोणाला तरी कळत होतं, ती जागा गेली होती. आणि निरोप न देता गेली होती. ग्रुपवर माझं ‘आले’ तसंच पडलेलं, त्यापुढे ‘सुटले’ नाही. त्यांना वाटणार, सोनल मशीन सोडून पळाली.

दुपार कलली तेव्हा दार वाजलं. आईनं पिठाच्या हातानंच कडी काढली. बाहेर माझ्याच वयाची एक काळीसावळी, घामाघूम मुलगी उभी. छातीशी पिशवी धरलेली आणि पिशवीतून, चांगल्या मोठ्या आवाजात, आमचं गाणं चालू.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. तिची शिफ्ट लागली होती. तिनं ‘आले’ लिहिलं, माझं ‘सुटले’ आलं नाही, फोन लावला तर मी उचलला नाही, आणि मीच शिकवलेला नियम तिला आठवला. आधी माणसाचा तपास. वाढदिवसाच्या भेटकार्डासाठी मी कधीतरी दिलेला पत्ता तिच्याकडे होता. तिच्याकडे हेडफोन नव्हते आणि गाणं थांबवायचं नव्हतं. म्हणून पंचवटीपासून सातपूरपर्यंत ती ते उघडं वाजवत आली होती, भरल्या बसमध्ये. एका बाईनं टोकलं, कंडक्टरनं दोनदा सांगितलं. जी मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती सगळ्या बससमोर मान वर करून बसली होती. पुढे आयुष्यात मी शौर्याच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या. ही माझी आवडती आहे.

पण दारात आईला बघून तिचा धीर सुटला आणि घाबरलेल्या माणसाची जीभ घरी धावते तशी तिची धावली. "मावशी, सोनल घरमा शे का?"

 आईचा पिठाचा हात तसाच कडीवर. मग तिच्या तोंडून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात, थोड्या जाड, थोड्या पोरसवदा आवाजात आलं, "शे ना. ये बेटा, मझार ये. तू कोन गावनी शे वं?"

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कोण गावची, कोणाची, अमक्या तळ्याजवळची का, तमक्या मास्तरांची नात का. मी बघत राहिले. ही बाई कोण आमच्या घरात? हिचे हात एवढे हलतात? ही बोलता बोलता गुडघ्यावर थाप मारते? योगितानं त्याच बोलीत तिला पाचजणींची सगळी कथा सांगितली, शिफ्टसकट, रिलिव्हरसकट. आईनं तिला त्याच तांदळाचा भात वाढला. मग विचारलं, "त्यासनी भाषा तुमले समजस का?" त्यांची भाषा तुम्हाला कळते का?

"नही समजत, मावशी. पन आवडस."

आईनं तिच्या ताटात आणखी भात वाढला. पिशवीतलं गाणं चालूच होतं. "मंग आपली भाषाले लोक काबर हसतस?"

  न कळणाऱ्या परक्या भाषेवर पोरी जीव टाकतात म्हणून ज्यांना राग येतो, त्यांनी शेजारच्या तालुक्यातली कळणारी भाषा का हसून घालवली, ते त्यांनीच सांगावं. मी वाट बघते आहे.

आई उठली, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं. फोन हातात देत म्हणाली, "घे. बंद नव्हता केला मी. चालूच होतं तुझं. म्हटलं, एवढी तुझी शिफ्ट की काय ती, कशाला मोडा! मी फक्त आवाज बंद केला."

फोन बघितला तर खरंच, पाचजणी नाचत होत्या, तोंडं हलत होती आणि आवाज शून्यावर. सगळी दुपार तशीच गेली होती. मला हसू आलं आणि मग रडू आलं, एकावर एक. "आई, आवाज बंद केला तर मोजत नाहीत गं."

"काय मोजत नाहीत?"

"ऐकलेलं. आवाज बंद असला तर ते धरतच नाहीत. आपण वाजवलं काय, नाही वाजवलं काय, सारखंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं, योगिताकडे पाहिलं. तिला माझं म्हणणं किती कळलं ते मला माहीत नाही, पण तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला, आवाजाचं बटण शोधलं आणि दाबत राहिली. घरात पप्पा झोपलेले असताना आमच्या घरात एवढा आवाज त्याआधी कधी झाला नव्हता. आतून पप्पा दचकून ओरडले, "काय झालं? कोण आलंय?"

मी म्हटलं, "रिलिव्हर आलाय, पप्पा."

"मग सुटा की," असं म्हणून ते कूस बदलून पुन्हा झोपले.

आता तुम्ही विचाराल, भूमितीचं काय झालं? ते मी सांगणार नाही. चांगले मार्क पडले म्हटलं तर म्हणाल, बघा, नाद करूनही पोरगी हुशार. वाईट पडले म्हटलं तर म्हणाल, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! माझ्या त्या दुपारीला तुमच्या शिक्क्याची गरज नाही. गाण्याचा नंबर कितवा लागला तेही सांगणार नाही. आत्याला फक्त एवढंच सांगायचं आहे की मी वाया गेले नाही आणि गेले असते तरी त्या रस्त्यानं गेले नसते.

‘ते वय असतं,’ असं हल्ली माझ्या वयाच्या मुलीही समजूतदारपणे म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्या मुलीला अजून पाठीशी घालते. सोळा वर्षांच्या पोरींनी, कोणी न सांगता, एकमेकींना न बघता, एक गोष्ट हातातून हातात दिली आणि खाली पडू दिली नाही. मी आज ज्या कारखान्याच्या ऑफिसात बसते तिथली मोठी मोठी माणसं एक फाइल अशी देऊ शकत नाहीत.

योगिता आता पुण्यात नर्स आहे. खरोखरच्या शिफ्ट करते. वॉर्डातल्या खानदेशातून आलेल्या म्हाताऱ्यांशी बिनदिक्कत अहिराणीत बोलते. ओझरची बाळंतीण आहे. तरीही या आठवड्यात सगळ्या उठल्या. शिफ्ट लागल्या. ग्रुपवर एक नवा नंबर दिसला, माझ्या आईचा. योगितानं परस्पर घेतला होता. मी विचारलं तर तिनं लिहिलं, "मावशीनं मागितलं. नाही कसं म्हणू?"

काल दुपारी माझी शिफ्ट होती. टेबलाच्या खणात फोन, आवाज बारीक पण चालू. माझ्यानंतर योगिता येणार होती. तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं, ताबडतोब, आणि तिथे फोन नेता येत नाही. ग्रुपवर लिहिलं, "योगिता?" उत्तर नाही. वॉर्डात अडकली असणार. "कोणी आहे का?" उत्तर नाही. साहेबांनी दारातून पुन्हा हाक मारली. मी उठले नाही. रिलिव्हर आला नव्हता.

मग त्या नव्या नंबरावरून आवाजी निरोप आला. कानाला लावला. मागे पाचजणी एवढ्या जोरात गात होत्या की घरातली भांडी वाजत असावीत. त्यात आत्याचा आवाज, "वहिनी, अगं हा काय धिंगाणा! कर तो आवाज बंद."

आणि त्यावर आईचा आवाज, मोकळा, भरघोस, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. "आवाज बंद व्हयना ते मोजतस नही, ताई." मग फोन तोंडाजवळ आला. "सोनल, मी शे ना. तू जाय."

मी लिहिलं, ‘सुटले’, आणि मीटिंगला गेले.